स्टेट ऑफ प्ले (२००३): कुणी पाहिली आहे का?

वाळवण:
गेल्या आठवड्यात पावसाने आमच्याकडचं नेट तीन दिवस झोपवलं. भावाने लंडनहून येताना केव्हातरी आणलेली एक डीव्हीडी कपाटात पडून होती. प्लेअर अजून चालतो का ते बघू म्हणून लावली आणि तीन रात्रींत सहाही भाग संपवले. दुसऱ्या रात्री कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचं पिठलं झालं.

बीबीसी वनची मालिका. लेखक पॉल अ‍ॅबट, दिग्दर्शक डेव्हिड येट्स (हो, तोच, नंतर हॅरी पॉटरचे सिनेमे करणारा). सुरुवातीलाच लंडनच्या रस्त्यांवरून एक पोरगा जीव घेऊन पळतोय आणि त्याला गोळी घातली जाते. त्याच सकाळी भुयारी रेल्वेखाली एक तरुणी जाते. ती सोनिया, स्टीफन कॉलिन्स या खासदाराची संशोधन सहाय्यक. खासदारसाहेब पत्रकारांसमोर तिचं नाव घेताना ढसाढसा रडतात आणि सगळ्या देशाला कळतं की काहीतरी होतं. कॅल मॅकॅफ्री हा ‘हेरल्ड’ नावाच्या काल्पनिक पेपरातला बातमीदार. एकेकाळी त्याने या कॉलिन्सची निवडणूक मोहीम सांभाळलेली. आता मित्र की बातमी?

मला फार आवडली. दोन तक्रारी आहेत. पहिल्या भागात इतकी नावं येतात की मी वहीत लिहून ठेवली. आणि कॅलचं खासदाराच्या बायकोशी, अ‍ॅनशी जे सुरू होतं, ते मला शेवटपर्यंत पचलं नाही. बाकीच्यांचं काय मत? कृपया शेवट फोडू नका, फोडलाच तर वर रहस्यभेद असं लिहा.

मोगरी:
आई गं, किती वर्षांनी हे नाव ऐकलं! जॉन सिम आणि फिलिप ग्लेनिस्टर दोघेही आहेत ना यात? पुढे तीन वर्षांनी लाइफ ऑन मार्समध्ये हीच जोडी. इथे सिम कॅल आणि ग्लेनिस्टर पोलीस अधिकारी बेल. मी आधी मार्स पाहिलं होतं, त्यामुळे इथे तो गप्प आणि थंड बघून दचकले.

शेवगा:
+१. पिठल्यासकट.

डाक आवृत्ती:
नमस्कार मंडळी. तीस वर्षं मराठी दैनिकात काढली, त्यातली बावीस रात्रपाळीत. मुलीने आग्रहाने बघायला लावली तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. पत्रकारांवरच्या मालिका मी सहसा बघत नाही. पडद्यावरचा बातमीदार बातमी लिहीतच नाही, नुसता धावतो. ही बघितली, कारण यात लोक फोनवर थांबलेले दिसतात. नकाराची वाट बघतात. एका वाक्यासाठी वकील, संपादक आणि बातमीदार एका टेबलाभोवती बसून डोकं खाजवतात.

मालिकेचा खरा प्रश्न मला वाटतो तो ‘खून कुणी केला’ हा नाही. ‘हे छापता येईल का’ हा आहे. खून कुणी केला ते कॅलला आणि त्याची सहकारी बातमीदार डेला हिला पाचव्या भागापर्यंत बरंचसं कळलेलं असतं, निदान तसं वाटतं तरी. पण कळणं आणि दुजोरा मिळणं यांत जे अंतर आहे त्यात आमची अख्खी नोकरी जाते. ते अंतर इतक्या चांगल्या रीतीने दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

वाळवणताई, तुमची दुसरी तक्रार मात्र शंभर टक्के बरोबर. मी मुख्य उपसंपादक असतो तर पहिल्याच संध्याकाळी कॅलला त्या बातमीवरून काढून नाटकांच्या पानावर बसवला असता. संशयित तुमचा मित्र, त्याची बायको तुमच्या घरी, आणि बातमीवर तुमची बायलाइन, तुमचं नाव? छे.

तिखटमीठ:
काका, मग मालिका एका भागात संपली असती :)

डाक आवृत्ती:
पेपर मात्र चालला असता.

टेम्सकाठी:
मी तेव्हा लीड्सला शिकत होतो. वसतिगृहात एकच टीव्ही, रविवारी रात्री नऊच्या सुमाराला त्याच्यासमोर आठ जण. पहिला भाग १८ मे २००३ ला लागला, शेवटचा २२ जूनला. तारखा लक्षात आहेत कारण मधे जे घडलं ते विसरणं शक्य नाही. २९ मेच्या सकाळी बीबीसीच्याच रेडिओवर अँड्र्यू गिलिगनने इराकच्या शस्त्रांच्या सरकारी अहवालात मीठमसाला घातल्याची बातमी दिली. मग सरकार विरुद्ध बीबीसी. १५ जुलैला, गिलिगनला माहिती देणारे म्हणून ज्यांचं नाव पुढे आलं ते शास्त्रज्ञ डेव्हिड केली संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीसमोर बसलेले आम्ही टीव्हीवर पाहिले. आवाज इतका हळू की समितीवाल्यांना तो वाढवायला सांगावा लागला, पंखे बंद करावे लागले. तीन दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. पुढच्या जानेवारीत या मृत्यूची चौकशी करणारे न्यायाधीश हटन यांचा अहवाल आला आणि बीबीसीचे अध्यक्ष आणि महासंचालक दोघेही गेले.

म्हणजे बघा, ज्या संस्थेने ‘सरकारचा दबाव आला तर संपादक काय करतो’ यावर सहा तासांची मालिका दाखवली, तिच्यावर मालिका चालू असतानाच तो प्रसंग आला. मालिका अर्थातच आधी लिहून, चित्रित करून झाली होती. पण आम्हाला ते दोन्ही एकच वाटत होतं. रविवारी मालिका आणि सोमवारी बातम्या, पात्रं तेवढी बदललेली.

मोगरी:
हे वाचून अंगावर काटा आला.

भिंगवाला:
मालिका उत्तम आहे यात वाद नाही, पण एक गोष्ट कुणीच बोलत नाही. स्टीफन कॉलिन्स हा ऊर्जाविषयक संसदीय समितीचा अध्यक्ष दाखवलाय. २००३ मध्ये अशी समितीच नव्हती! १९९२ साली ऊर्जा खातं मोडून व्यापार-उद्योग खात्यात घातलं, तेव्हा समितीही गेली. पुन्हा वेगळं खातं झालं २००८ मध्ये आणि समिती त्याच्या पुढच्या वर्षी. मधल्या काळात तेल, वायू, वीज हे सगळं व्यापार आणि उद्योग समिती बघायची.

तिखटमीठ:
आली भिंगवाल्यांची स्वारी. समिती अस्तित्वातच नाही म्हटल्यावर तिचा अध्यक्ष अब्रुनुकसानीचा दावा कसा लावणार? लेखक हुशार आहे हो.

भिंगवाला:
हलकेच घेतो. पण समिती खोटी असली तरी तिची जागा खरी आहे, आणि ती कळली नाही तर निम्मी मालिका कळत नाही. खात्यानुसार या समित्या १९७९ पासून आहेत. मंत्री नसलेले सर्वपक्षीय खासदार त्यात असतात. कायदा करायचा अधिकार नाही, पण कंपन्यांच्या बड्यांना बोलावून सगळ्यांसमोर उलटतपासणी घेतात, आणि अहवाल आला की सरकारला उत्तर द्यावं लागतं. म्हणजे तेल कंपनीसाठी मंत्र्याइतकाच समितीचा अध्यक्ष महत्त्वाचा. मंत्र्याभोवती अधिकारी असतात, फायली असतात. अध्यक्षाभोवती कोण असतं? दोनतीन सहाय्यक. म्हणून सोनिया.

आणि त्या वेळी अध्यक्ष कोण व्हावं यात पक्षाच्या प्रतोदांचा हात असायचा. २००१ मध्ये सरकारी प्रतोदांनी ग्वेनेथ डनवुडी आणि डोनल्ड अँडरसन या दोन ज्येष्ठ अध्यक्षांना बाजूला करायचा प्रयत्न केला, तर खुद्द त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी बंड करून तो हाणून पाडला. सभागृह स्वतः मतदान करून अध्यक्ष निवडायला लागलं ते २०१० पासून. तेव्हा मालिकेत पक्षाचे वरिष्ठ कॉलिन्सला वाचवायला का धावतात, आणि वाचवताना नेमकं कशाला जपत असतात, ते या पार्श्वभूमीवर बघा.

डाक आवृत्ती:
सहमत. भिंगवाला, हा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवतो. पहिला मात्र रद्दीत.

कोथिंबीर:
मी नागपूरची. मला एक साधा प्रश्न आहे जी. ती सोनिया म्हणजे तेल कंपनीने पेरलेली बाई, हे मला चौथ्या भागात कळलं. पण तिचं खरंच त्याच्यावर प्रेम बसलं होतं का? की तेही पगारातच होतं?

मोगरी:
कोथिंबीर, हाच तर पीळ आहे. ती सुरुवातीलाच मेलेली असल्यामुळे तिच्या तोंडून काहीच येत नाही. आपल्याला ती फक्त फोटोत, बिलांत, दुसऱ्यांच्या आठवणींत दिसते. प्रत्येक जण आपल्या सोयीची सोनिया सांगतो. खासदाराची वेगळी, मधल्या दलालाची वेगळी, पोलिसांची वेगळी. मला वाटतं होतं प्रेम. पण मला वाटतं म्हणून काय?

आणि यातल्या बायकांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. केली मॅकडोनल्डची डेला बघा. हॉस्पिटलातल्या गोळीबारानंतर ती जी कोलमडते ते मला खरं वाटलं. इतर मालिकांत अशा प्रसंगानंतर बाई पुढच्याच दृश्यात केस बांधून कामाला लागते. इथे तिचा हात थरथरतोय आणि तरीही ती टिपण काढतेय. अमेलिया बुलमोरची हेलन तर माझी लाडकी. जरा वयाने मोठी, ऑफिसातल्या पुरुषांच्या बडबडीकडे ढुंकून न बघता फोन लावत राहणारी. प्रत्येक ऑफिसात अशी एक हेलन असते आणि काम तीच करते.

अ‍ॅन मात्र लेखकाला नीट सापडली नाही. पॉली वॉकरने जीव ओतलाय, पण तिच्या वाट्याला नवऱ्याकडून मित्राकडे आणि मित्राकडून नवऱ्याकडे एवढंच. नवऱ्याचं प्रकरण साऱ्या देशासमोर उघडं पडल्यावर आठवड्याभरात बाई असं करेल का, हा प्रश्न नाही, करेल की. पण तिला काय हवं होतं ते कुणी विचारतच नाही.

वाळवण:
मोगरी, मला जे म्हणायचं होतं आणि जमलं नाही ते तू लिहिलंस. मला राग कॅलचा नव्हता, लेखकाचा होता!

तिखटमीठ:
मी उलट्या बाजूने बोलतो. ते प्रकरण नसतं तर कॅल हा नुसता धुतल्या तांदळाचा नायक झाला असता. आता त्याच्याकडेही लपवण्यासारखं आहे. खासदाराला जो प्रश्न विचारायचा, तोच त्यालाही विचारता येतो. आणि तो बॅगेचा प्रसंग? मेलेल्या पोराच्या भावाकडून बॅग घेतली, आत पिस्तूल आणि सोनियाचे चोरून काढलेले फोटो. एका खुनाच्या तपासातला पुरावा हा माणूस पोलिसांना न देता ऑफिसात ठेवतो. का? बातमी हातची जाईल म्हणून. इथे मला घाम फुटला होता.

टेम्सकाठी:
त्या बॅगेवर आमच्या वसतिगृहातही जुंपली होती. एक जण वकिलीचा विद्यार्थी होता. त्याचं म्हणणं, इंग्लंडात १९८४ च्या पोलीस आणि पुरावा कायद्याने पत्रकाराच्या कागदपत्रांना संरक्षण आहे, न्यायाधीशाचा आदेश आणल्याशिवाय पोलिसांना ती उचलता येत नाहीत. आणि १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्यात माहिती कुणी दिली ते न सांगण्याची मुभा आहे, तीही सरसकट नाही. पण चोरलेली बॅग आणि त्यातलं पिस्तूल म्हणजे काही बातमीदाराची वही नव्हे. कॅल तिथे कायद्याच्या आडोशाला नाहीच, उघड्यावर उभा आहे. त्याच्या लक्षात आहे, संपादकाच्याही लक्षात आहे.

मग बेल येतो आणि आरडाओरडा न करता सौदा करतो. तुमच्याकडे काय आहे ते द्या, आमच्याकडचं थोडं देतो. पोलीस आणि बातमीदार यांच्यातली ही देवाणघेवाण २००३ मध्ये आम्हाला चातुर्य वाटली. २०११ च्या जुलैत मिली डाउलर या मेलेल्या मुलीचा फोन एका साप्ताहिकाने हॅक केल्याचं गार्डियन या दैनिकाने छापलं, ते साप्ताहिक, न्यूज ऑफ द वर्ल्ड, आठवड्याभरात बंद पडलं, वृत्तपत्रांच्या वागण्याची जी लेव्हसन चौकशी झाली तीत पोलीस-पत्रकारांच्या जेवणावळी बाहेर आल्या. त्यानंतर मी मालिका परत पाहिली. तीच दृश्यं, पण या वेळी हसू आलं नाही. फोनची बिलं मिळवायची, हॉटेलच्या खोलीत चोरून चित्रण करायचं, आपले नायकसुद्धा हेच करतात की.

शेवगा:
हॉटेलच्या खोलीवरून आठवलं. तो मधला दलाल, डॉमिनिक फॉय! आणि तो करणारा मार्क वॉरन! बाकी सगळं विसरेन, तो घामाघूम झालेला माणूस विसरणार नाही. शेजारच्या खोलीत बाकीचे पडद्यावर बघतायत आणि इकडे कॅल त्याला गोड बोलून, धमकावून, परत गोड बोलून थोडं थोडं काढतोय. तो भाग मी चारदा पाहिलाय. एका खोलीत दोन माणसं बोलतायत, बास, आणि पाठलागापेक्षा जास्त धडधड होते.

डाक आवृत्ती:
शेवगा, तो प्रसंग असा लांब का आहे ते सांगतो. इंग्लंडच्या बदनामीच्या कायद्यात खरंखोटं सिद्ध करायचं ओझं छापणाऱ्यावर असतं. ज्याच्याविषयी छापलं त्याने ते खोटं आहे हे सिद्ध करायचं नसतं. ते खरं आहे हे तुम्ही सिद्ध करा. १९९९ मध्ये आयर्लंडचे माजी पंतप्रधान रेनल्ड्स यांच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, थोडी वाट मोकळी केली. लोकहिताचा विषय असेल आणि पेपरने जबाबदारीने काम केलं असेल तर चूक झाली तरी बचाव मिळू शकतो. पण जबाबदारीने म्हणजे काय त्याचे मुद्दे न्यायालयाने मोजून दिले: माहिती कुणी दिली, पडताळणी केली का, समोरच्याची बाजू विचारली का, घाई का होती. आता तो फॉयचा प्रसंग परत बघा. त्याने आपल्या तोंडाने, नाव घेऊन, कॅमेऱ्यासमोर सांगायला हवं. कॅलला माहिती आधीच आहे. त्याला हवाय तो वकिलासमोर ठेवता येईल असा माणूस.

आमच्याकडे एवढे वकील नव्हते. आमच्याकडे फोन होता. एक आठवण सांगतो, पेपरचं नाव विचारू नका, सांगणार नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका सहकारी बँकेच्या कर्जवाटपाची बातमी आमच्या तालुक्याच्या वार्ताहराने सहा आठवडे खपून आणली होती. कागद होते, सह्या होत्या, अध्यक्षांचा खुलासाही घेतला होता. पहिल्या पानावर चार कॉलम लावली. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान सुटायला पंचवीस मिनिटं असताना वरून फोन आला. कुणाचा ते मुख्य उपसंपादकाने सांगितलं नाही, फक्त माझ्याकडे बघून हात आडवा फिरवला. चार कॉलमांचं भगदाड. त्या वेळी मजकुराचे ब्रोमाइड कागद कापून पानावर चिकटवायचे दिवस. हाताशी होता तो फोटो लावला, बाजारात कैऱ्या आल्याचा. सकाळी गावोगाव लोकांनी चार कॉलम कैऱ्या पाहिल्या. वार्ताहराने मला नंतर कधी विचारलं नाही. भेटला की फक्त म्हणायचा, लोणचं मुरलं का साहेब?

म्हणून बिल नाईचा कॅमेरन फॉस्टर मला इतका जवळचा वाटतो. तो तत्त्वाची भाषणं देत नाही. वरून दबाव आला की चेहरा वाकडा करतो, टोमणा मारतो आणि आपल्या माणसांना आणखी दोन तास मिळवून देतो. दोन तास मिळवून देणारा संपादक म्हणजे काय ते रात्रपाळीवाल्यालाच विचारा.

वाळवण:
काका, यावर काय लिहू. कैऱ्या डोळ्यांसमोरून जात नाहीयेत.

मोगरी:
बिल नाईला त्या भूमिकेसाठी बाफ्टा मिळालं, अगदी योग्य. त्याच वर्षी लव्ह अ‍ॅक्चुअलीमधला तो उतरलेला रॉकस्टार पण त्यानेच केला. एकाच वर्षात दोन टोकं. बाय द वे, जेम्स मॅकअ‍ॅव्हॉय किती कोवळा दिसतो यात! आणि तो कुणाचा मुलगा निघतो ते कळलं तेव्हा मी मोठ्याने हसले. संपादकसाहेबांचा चेहरा!

कोथिंबीर:
मोगरीताई फोडलं ना तुम्ही :(

मोगरी:
अर्धंच फोडलं गं. सॉरी.

भिंगवाला:
पॉल अ‍ॅबटबद्दल थोडं अवांतर. या माणसाची आधीची कामं म्हणजे क्रॅकरचे भाग आणि क्लॉकिंग ऑफ, एका कापड गिरणीतल्या कामगारांच्या गोष्टी. नंतरचं शेमलेस, ते तर थेट गरीब वस्तीतलं घर. म्हणजे राजकारण हा त्याचा प्रांत नव्हता. म्हणूनच असेल, यात संसदेची भव्य दृश्यं जवळजवळ नाहीत. कॉरिडॉर, पायऱ्या, चहाचे कप, लिफ्टची वाट बघणारे लोक. मंत्रीसुद्धा कामावरचा मुकादम वाटतो. आणि मरणारा पहिला पोरगा केल्विन, काळा, गरीब, भुरटा चोर. पोलीस आणि पेपर दोघेही त्याला अमली पदार्थांच्या भांडणातला बळी म्हणून दोन परिच्छेदांत गुंडाळणार होते. खासदाराच्या सहाय्यकाला पहिलं पान, केल्विनला आतला कोपरा. दोघांचा धागा एक आहे हे कळल्यावरच त्याला नाव मिळतं. मला वाटतं लेखकाचा सगळ्यात मोठा टोला हाच, आणि तो पत्रकारांनाच आहे.

टेम्सकाठी:
हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मान्य.

तिखटमीठ:
मालिकेत लाच कशी दिली जाते तेही बघण्यासारखं आहे. पाकीट कुणी देत नाही. कंपनी जनसंपर्क संस्थेला पैसे देते, संस्था एका मुलीला पगार देते, मुलगी खासदाराकडे नोकरी करते. प्रत्येकाकडे पावती आहे. आपल्याकडे २००५ च्या डिसेंबरात प्रश्न विचारायला पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेले अकरा खासदार घरी गेले, त्यात आपल्या खानदेशातले दोघे होते. त्यांनी रोख घेतले बिचाऱ्यांनी. ब्रिटिशांकडे १९९४ मध्येच असं प्रकरण झालं होतं, आणि तिथेही मधे एक लॉबी कंपनी होती. गार्डियनने छापलं, दोन कनिष्ठ मंत्र्यांना पद सोडावं लागलं, दावे ठोकले गेले आणि नंतर मागे घेतले गेले. अ‍ॅबटला काही नवीन शोधावं लागलं नाही.

शेवगा:
सिनेमा पाहिलाय का कुणी? २००९ चा, रसेल क्रो आणि बेन अ‍ॅफ्लेकवाला. गोष्ट वॉशिंग्टनला नेलीय, तेल कंपनीच्या जागी भाडोत्री सैनिक पुरवणारी कंपनी. मला तो मालिकेच्या आधी पाहिल्यामुळे आवडला होता.

टेम्सकाठी:
सहा तासांचे दोन तास केले की जे गळतं ते नेमकं काकांनी वर सांगितलं ते: थांबणं. सिनेमात माहिती मिळते आणि लगेच पुढची माहिती. वकील नाहीत, दुजोरा नाही. हेलन मिरन आहे संपादक म्हणून, तिला दोन चांगल्या शिव्या दिल्यात आणि तिसऱ्या प्रसंगात विसरलेत. आणि ब्लॉग विरुद्ध छापील पेपर असा एक वाद घुसडलाय, तो आज बघताना फार जुनाट वाटतो. २००३ ची मालिका जुनी वाटत नाही आणि २००९ चा सिनेमा वाटतो, हे गंमतशीर आहे.

डाक आवृत्ती:
सिनेमा सामान्य आहे. पण शेवटची नामावली सुरू झाल्यावर उठू नका. मागे पेपर छापला जाताना दाखवलाय. प्लेट तयार होते, यंत्रावर चढते, कागदाचा पट्टा धावायला लागतो, घड्या पडतात, गठ्ठे बांधले जातात, गाड्या निघतात. मी थिएटरात एकटाच बसून राहिलो होतो, सफाईवाला येऊन उभा राहिला तरी.

कोथिंबीर:
सहावा भाग आत्ता संपला. रात्रीचे पावणेदोन. रहस्यभेद, रहस्यभेद, ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी इथून खाली वाचू नका.

तो मारेकरी स्टीफननेच नेमला होता! सोनियावर पाळत ठेवायला! आणि पहिल्या भागात तो रडला तेव्हा मी पण रडले होते ना! ते रडणं खोटं होतं का? मी परत जाऊन तो प्रसंग लावला. खोटं नाही वाटत जी. अजूनही नाही वाटत.

मोगरी:
स्टीफन झालेला डेव्हिड मॉरिसी! खोटं नाहीच ते. आपण ज्याला मारायला कारणीभूत झालो त्याच्यासाठी खरंखुरं रडणारा माणूस आहे तो. म्हणून तर झोप उडते.

तिखटमीठ:
त्याला नुसती पाळत हवी होती की काय घडेल ते मनात कुठेतरी ठाऊक होतं, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. बायको म्हणते ठाऊक होतं. मी म्हणतो नव्हतं. ती म्हणते तुम्ही पुरुष एकमेकांना वाचवता.

डाक आवृत्ती:
आणि कॅल? मी त्याला पहिल्या दिवशी नाटकांच्या पानावर बसवणार होतो. तसं केलं असतं तर हा शेवट लागला नसता. स्टीफनच्या बोलण्यातली खोच ओळखायला त्याचा जुना मित्रच लागला. परका बातमीदार फसला असता. हे मला मान्य करावं लागतंय, आणि आवडत नाहीये. तरीपण बायलाइन दिली नसती.

वाळवण:
काका :) :)
दुसरा भाग निघाला होता का याचा?

भिंगवाला:
निघणार अशी चर्चा बरीच वर्षं होती. निघाला नाही.

शेवगा:
बरंच झालं.

कोथिंबीर:
मी उद्या आईसोबत परत पहिल्यापासून सुरू करणार आहे. तिला इंग्रजी उच्चार कळत नाहीत, तर मी मधे थांबवून सांगणार. वाळवणताई, तुमची ती नावांची वही आहे का अजून? फोटो टाकाल का?

वाळवण:
आहे. मागच्या पानावर दूधवाल्याचा हिशोब आहे, तो झाकून टाकते.